केवळाबाईची राखीव सीट

आत्या, तो चार्जिंगचा बल्ब जरा इकडं सरकव. विझवू नको, असू दे. हदगावच्या लाईटीचा काय भरवसा, येईल तवा येईल. आणि तू उठू नको, तुझे गुडघे काय तुझं ऐकतात का? कूलर मी भरते म्हणलं ना, भरते. आधी बस माझ्यापाशी.

मघापासून तू एकच धोशा लावलास. दुपारी तुझ्या घरात नेट बसवून नांदेडच्या रस्त्याला लागलेली ही पोरगी अर्धापुरातून परत कामून आली, आणि केळीची फणी घेऊन मुक्कामालाच कामून बसली? वरून मलाच बोलून राहिलीस, तू बसवून गेलीस आणि तासाभरात माझा टीव्ही बंद पडला. सांगते, सगळं सांगते. पण त्याच्या आधी एक दुसरी गोष्ट ऐकावी लागंल. मधी मधी 'व्हय का बाई' करू नको, माझा धागा तुटतो.

मागच्या उन्हाळ्यात मी मुखेडला गेले होते. काम रोजचंच. एका घरात नेटचा डबा बसवायचा, घरातलं जे काही बाहेर जाईल त्याला कुठल्या दारानं जायचं तो रस्ता दाखवायचा, घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचे, आणि एक कॅमेरा चालू करून द्यायचा. मालकाला हैदराबादहून एका बाईचा फोन आला होता, आज म्हणजे आजच पाहिजे. मालकाचं काय जातंय, तो एसीत बसतो. उन्हात मरायला तनुजा हाय की.

तू म्हणशील, असली गोष्ट रातीची पाहिजे. पण आपल्याकडची वैशाखातली भर दुपार रातीपेक्षा वाईट, हे मी तुला काय सांगावं. रातीला निदान कुत्रं भुंकतं. दुपारी कुत्रं बी नालीत पडून असतं. गावाच्या बाहेर, कापसाच्या जिनिंगच्या पलीकडं नवीन प्लॉट पाडलेत. त्यातलं एकच घर पुरं झालेलं, बाकी नुसते पिलर आणि बाभळी. जवळात जवळचं दुसरं घर म्हणजे हाक मारली तर ऐकू जाईल न जाईल एवढं लांब, आणि त्याला बी कुलूप. रस्त्यावर कोणी न्हाई. झळा तेवढ्या हलून राहिल्या होत्या.

दार उघडलं ते शेषेरावमामांनी. एस्टीत कंडक्टर होते, रिटायर होऊन लई वर्षं झाली. उंच, वाळलेले, कपाळावर ताजी खोक. मला बघून म्हणले, "बाई माणूस आलं का? बरं झालं. ये पोरी, आधी पाणी पी. उन्हातून आल्या आल्या गटागटा पिऊ नको, दम खा."

आत गेले तर अंधार. ऊन येऊ नये म्हणून खिडक्यांना ओली पोती लावलेली, पण ती बी वाळून कडक झाली होती. कोपऱ्यात कूलर चालू होता, पण टाकीत पाणी न्हाई. मोटार कोरडीच कण्हून राहिली होती आणि वाळ्याच्या जाळीतनं नुसती गरम हवा.

"मामा, कूलर कोरडा हाय."

"बादली उचलंना आता. ती भरायची," म्हणले. ती म्हणजे कोण, ते मी विचारलं न्हाई. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. हिरवं लुगडं, मोठं कुंकू, आणि फोटो काढणाऱ्यावर वैतागलेला चेहरा. मला ती बाई बघताक्षणीच आवडली.

फोन वाजला. हैदराबादवाली लेक, उज्वला. तिनं मला सगळं एका दमात सांगितलं. आई जाऊन सहा महिने झाले. अण्णा एकटे. मागच्या आठवड्यात न्हाणीत पडले, कपाळ फुटलं, आणि दुसऱ्या दिवशी दूधवाला येईपर्यंत तिथंच पडून होते. "ताई, तुम्हीच सांगा, मी कशी झोपू? माझे मिस्टर, बालाजी, गाडी घेऊन निघालेत. कॅमेरा चालू झाला आणि मला अण्णा दिसले, तर ते आंबे देऊन परत फिरतील. न्हाई झाला, तर संध्याकाळी अण्णाला गाडीत घालून इकडं आणणार. रडले तरी आणणार." हे म्हणताना ती स्वतःच रडून राहिली होती.

मामांनी ऐकलं. मला म्हणले, "तुझ्या हातात हाय बघ पोरी. मला हे घर सोडायचं न्हाई."

"का मामा? लेकीकडं काय वनवास हाय का?"

मामा खिडकीचं पोतं बाजूला करून बाहेर बघत बसले. कंपाउंडच्या भिंतीवर एका बशीत भाकरीचा घास ठेवलेला होता, वाळून खापरासारखा झालेला. त्याच्या पलीकडं बाभळीवर पाच-सहा कावळे बसले होते. गुमान, तोंड घराकडं करून. मुखेडात कावळ्यांना अन्न लई झालंय का काय, असं माझ्या मनात आलं, आणि मी कामाला लागले.

आता हे नीट ऐक, हे समजलं तर पुढचं समजंल. घरातल्या प्रत्येक फोनाला, टीव्हीला, कॅमेऱ्याला एक पत्ता लागतो, आकड्यांचा. तो असल्याबिगर कोणाशी बोलता येत न्हाई. यंत्र डब्याला म्हणतं, मी आलोय, मला जागा दे. डबा त्याला मोकळा आकडा देतो. यंत्र गेलं की काही वेळ वाट बघून तोच आकडा दुसऱ्याला. बाकीचे लोक दोनशे-दोनशे आकडे मोकळे सोडून देतात. मी न्हाई सोडत. घरात जेवढी यंत्रं तेवढेच पत्ते, मोजून. आपल्याकडं एकाला पासवर्ड सांगितला की तो अख्ख्या गल्लीचा होतो, आणि मंग नेट चालत न्हाई म्हणून शिव्या मला. मामांना हे सांगितलं तर ते पहिल्यांदाच हसले.

"म्हणजे सीटा म्हण की."

"हाव मामा, सीटाच."

"आणि तू कंडक्टर."

मामांचा फोन, टीव्ही आणि कॅमेरा, तीन सीटा ठेवल्या. माझा लॅपटॉप कंडक्टरचा, त्याचा पत्ता वेगळा. बाहेरचा रस्ता लावला. पासवर्ड टाकला. पासवर्ड मी सगळीकडं एकच टाकते, आता घरचीच हायस म्हणून सांगते, तुझं नाव आणि पुढं चार आकडे. कोंडाआत्या. हसू नको. लहानपणी तूच मला सांभाळलंस, दुसरं कोणाचं नाव माझ्या ध्यानात राहणार? तो पासवर्ड मी मामांना बी अजून सांगितला नव्हता. त्यांच्या फोनात माझ्याच हातानं टाकला, टीव्हीत टाकला, मंग कॅमेऱ्यात टाकला.

फोनाला जागा मिळाली, टीव्हीला मिळाली, पण कॅमेऱ्याची बत्ती लालच राहिली. डबा म्हणत होता, जागा शिल्लक न्हाई. मी लॅपटॉपवर बघितलं तर तीन सीटांवर तिघं बसलेले. एक मामांचा फोन, एक टीव्ही आणि तिसरं एक नाव, इंग्रजी अक्षरात. केवळा.

म्हणलं असंल कोणाचा तरी फोन. काढून टाकलं. कॅमेऱ्याची बत्ती हिरवी झाली. मी घाम पुसते न पुसते तर परत लाल. तिसऱ्या सीटवर परत केवळा. परत काढलं, परत आलं. आता मला राग आला. कॅमेरा असलेल्या घरात अनोळखी फोन म्हणजे कोणीतरी चोरून बघायला बसलंय, असं माझ्या डोक्यात. लॅपटॉप तसाच हातात घेऊन उन्हात बाहेर गेले, घराला फेरी मारली. पिलर, बाभळी, झळा. माणसाचं पिल्लू न्हाई. कावळे तेवढे मान वाकडी करून माझ्याकडं बघून राहिले होते.

आत येऊन मी त्या फोनाला बंदीच घातली. ह्याला जागा द्यायची न्हाई, कधीच न्हाई. तेवढ्यात कूलरची मोटार कण्हायची थांबली. बंद न्हाई पडली, आत्या. भरल्यासारखी वाजायला लागली. जाळीवरनं पाणी ठिबकायला लागलं आणि गार हवा अंगावर आली. तिला वाळ्याचा वास नव्हता. ओल्या वाळूचा वास होता, नदीकाठचा, आणि त्यात झेंडूचा. मुखेडात, वैशाखात, भर दुपारी.

लॅपटॉपवर ओळी चढून राहिल्या होत्या. केवळा जागा मागते, न्हाई म्हणलं. केवळा जागा मागते, न्हाई म्हणलं. थोडं थांबून परत.

"मामा... केवळा कोण हो?"

मामा बाजेवर बसले होते. त्यांनी मान वर केली. "कुठं बघितलंस ते नाव?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला. त्यांनी चष्मा लावला आणि एक एक अक्षर बोटानं वाचलं.

"उज्वलानं टाकलं होतं हे नाव. तिच्या आईच्या फोनाला."

"मंग तो फोन कुठं हाय?"

"गंगेत."

मामा सांगत गेले, माझ्याकडं न बघता. "दहाव्याला नांदेडला गंगेवर, आपल्या गोदावरीवर गेलो. पिंड ठेवला. कावळे हे एवढे, पण एक बी शिवंना. पुरणपोळी ठेवली, पान ठेवलं, तिची तपकीर ठेवली. ज्यानं त्यानं शब्द देऊन बघितला. लेक पुढं झाली, हात जोडून म्हणली, आई, अण्णाला एकटं सोडत न्हाई, हैदराबादला नेते. तर जवळ आलेला कावळा उडून लांब जाऊन बसला. मंग कोणीतरी म्हणलं, तिचा फोन ठेवा, लई जीव होता त्याच्यावर, रोज संध्याकाळी लेकीशी बोलायची. तो बी ठेवला. न्हाईच. ऊन डोक्यावर आलं, तवा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला, आणि राखंसंग फोन बी पाण्यात सोडला. रोज घास ठेवतो बघ भिंतीवर. आजवर एका कावळ्यानं तोंड लावलं न्हाई. तिचं काहीतरी राहिलंय, पोरी. काय, ते मला समजंना. आता मी हैदराबादला गेलो, आणि ती आली, आणि दाराला कुलूप बघितलं, तर..."

मी भ्याले होते, खोटं कशाला सांगू. पण त्या भीतीपेक्षा त्या म्हाताऱ्याची कीव जास्त येऊन राहिली होती.

लॅपटॉपवर ओळी चालूच. मामांनी हळूच विचारलं, "काय मागून राहिली ती?"

"जागा मागून राहिली, मामा. मी... मी न्हाई म्हणून राहिले."

मामा उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "पोरी, आख्खी नोकरी मुखेड-देगलूर गाडीवर केली मी. गाडी कितीक भरलेली असू दे, फाट्यावर उन्हात हात दाखवून उभ्या असलेल्या बाईला मी कधी सोडून गेलो न्हाई. तिला मागं ठेवून गाडी सोडायची डबल बेल कधीच मारली न्हाई. आणि ही तर घरची बाई हाय. राखीव सीट असती का तुझ्याकडं?"

"असती की. एकाच फोनाच्या नावानं ठेवता येती. दुसऱ्या कोणाला देत न्हाई मंग डबा."

"मंग दे तिला. माझ्या शेजारची दे."

मामांच्या शेजारच्या आकड्यावर टीव्ही बसला होता. त्याला उठवून पुढं बसवलं, एक सीट वाढवली, बंदी काढली, आणि मामांच्या शेजारचा आकडा त्या नावानं राखून ठेवला. बटण दाबताना माझं बोट हललं न्हाई, मामांनीच माझ्या बोटावर बोट ठेवलं. ओळी थांबल्या. चार सीटा, चौघं बसलेले. कॅमेऱ्याची बत्ती हिरवी झाली आणि हिरवीच राहिली.

उज्वलाला फोन लावायची गरजच पडली न्हाई. त्या कॅमेऱ्यातनं बोलता येतं ना, त्यातनंच तिचा आवाज आला. "अण्णा. अण्णा, दिसून राहिलात तुम्ही. ते कपाळ दाखवा बरं." आणि परत रडायला लागली. मामा कॅमेऱ्याकडं बघून हात हलवून राहिले होते, लहान पोरासारखे.

मंग ती थांबली. "अण्णा, कूलर कोणी भरला? डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणलंय ना?"

"मी न्हाई भरला."

"मंग फरशी ओली कामून दिसून राहिली? मोरीपासून कूलरपर्यंत?"

मी खाली बघितलं. खरंच होती. पाण्याची रेघ, मोरीच्या दारातनं निघून कूलरपाशी गेलेली, बादली ठिबकत नेल्यासारखी. कूलरची टाकी काठोकाठ भरलेली. मी तर बादलीला हात लावला नव्हता.

उज्वला एकदम बारीक आवाजात म्हणली, "आईची बादली गळकी होती. रोज मी तिला ओरडायची, नवीन घे म्हणून."

मी तिला सांगितलं. सीटचं सांगितलं, नावाचं सांगितलं. मला वाटलं ही आता मला येडी म्हणंल, मालकाला फोन लावंल. पण न्हाई. ती ऐकत राहिली. मामा फोटोकडं तोंड करून उभे होते. मीच म्हणलं, "उज्वलाताई, राग मानू नका. पण दहाव्याला तुम्ही हैदराबादला नेते म्हणलात तवा कावळा लांब गेला ना?"

कूलरचं पाणी ठिबकून राहिलं होतं. आणि मंग त्या कॅमेऱ्यातनं, अडखळत, लेक आईशी बोलली. "आई... अण्णाला मी नेत न्हाई. ते त्यांच्या घरात राहतील. तुझ्याच घरात. मी इथून रोज बघीन त्यांना, सकाळी बी आणि संध्याकाळी बी. आणि तू बी... तू बी लक्ष ठेव."

पंखांचा आवाज झाला. मामांनी पोतं बाजूला केलं. भिंतीवर कावळा बसला होता. एकच. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि तो वाळका घास चोचीत धरून पायाखाली दाबून फोडला आणि खाल्ला. अंगणात सांडलेले तुकडे बी खाल्ले. मामा म्हणले, "जेवली," आणि खाली बसले आणि तोंडाला उपरणं लावून रडले. मी बी रडले, आत्या. अनोळखी माणसाच्या घरात, कामाच्या टायमाला. सांगायला काय लाज.

डोळे पुसून लॅपटॉप बघितला तर शेवटी एक ओळ आली होती. हे तुला कळायला पाहिजे, कारण ह्याच्यापायी मला आजबी काटा येतो. फोन कधी निरोप घेत न्हाईत. घरातनं निघाले की नुसते गायब होतात, जागा तशीच अडकून राहते आणि डबा वाट बघत बसतो. पण ही बाई निरोप घेऊन गेली. 'जागा परत करते' असं डब्याला सांगून गेली. मी ती ओळ मामांना वाचून दाखवली. ते बाजेपाशी गेले आणि लोखंडी गजावर दोनदा बोट मारलं. टण टण. म्हणले, "चला, जाऊ द्या."

बालाजी संध्याकाळी आले, आंबे ठेवले, सासऱ्यासंग जेवले आणि एकटेच परत गेले. निघताना मामांनी मला बजावलं, ती राखीव सीट पुसायची न्हाई, रिकामी राहिली तरी चालंल. मी न्हाई पुसली.

आता म्हणशील, झालं की, गोड झालं, मंग तू इथं कामून बसलीस. थांब.

पोळ्याच्या सुमाराला उज्वलाचा फोन आला मला. घरात कोणतंबी यंत्र जोडलं गेलं की तिच्या फोनावर घंटी वाजावी, असं मीच करून दिलं होतं. त्या दिवशी दुपारी ती ऑफिसात असताना घंटी वाजली. बघितलं तर केवळा. तिनं लगेच कॅमेरा उघडला. मामा बाजेखाली पडलेले, हात छातीवर. तिनं तिथनंच मुखेडातल्या एका भाच्याला पळवलं, त्यानं गाडीत घालून नांदेडला दवाखान्यात नेलं. वाचले. डॉक्टर म्हणले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. दवाखान्यात भेटायला गेले तर मामा कसे हसून राहिले होते. मला म्हणले, "बघितलंस? सीट ठेवली म्हणून."

तवापासून माझ्या डोक्यात एकच हाय. ती उगं येत न्हाई. कोणी एकटं असलं, आणि पडणार असलं, की येते.

आत्या, तुझा टीव्ही नेट गेल्यानं बंद पडला न्हाई. तुझ्या घरात मी दोनच सीटा ठेवल्या होत्या, मोजून, एक तुझ्या फोनाला आणि एक टीव्हीला. अर्धापुरात चहाला थांबले तवा सहज माझ्या फोनावर उघडून बघितलं, सगळं नीट चालू हाय का म्हणून. तुझा फोन होता. टीव्हीच्या जागी केवळा बसली होती. पासवर्ड तिला ठाऊकच हाय, मामांच्या घरी बी तोच हाय. तुझं नावच तर हाय तो... वर्षभर ती ते नाव घेऊन बसली असंल, मला काय माहीत. मी चहा तसाच ठेवला. तिला काढलं न्हाई. उलट एक सीट वाढवली आणि तुझ्या शेजारची तिच्या नावानं राखून ठेवली, आणि स्कुटी फिरवली. केळी नुसती निमित्ताला घेतली.

भिऊ नको. अशी हात घट्ट धरू नको, मी कुठं जात न्हाई. उद्या सकाळी आपण नांदेडला जाऊ, डॉक्टरला तुझी छाती दाखवू, बीपी बघू. गुडघ्याचं निमित्त सांगू पाहिजे तर. आज माझं अंथरूण तुझ्या बाजेला लावून टाकते. राती उठायचं झालं तर एकटी उठू नको, मला हलव. शपथ हाय तुला माझी.

बल्ब जरा खाली धर बरं. अजून खाली, फरशीकडं.

आत्या... खरं सांग. मी आल्यापासून तू ह्या जागेवरनं उठलीच न्हाईस ना? मी बी न्हाई. मंग मोरीपासून कूलरपर्यंत हे पाणी कोणी सांडलं?